घागरवालीला सोनेरी रंग लागायच्या आत तिचे फोटो काढून ठेवू या

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण रविवारच्या आत वाचा.

आधी एक काम करा. मोबाइलची गॅलरी उघडा आणि आपल्या नगरपरिषदेच्या बागेतल्या घागरवालीचा एक तरी नीट फोटो सापडतो का बघा. ती ज्यात आहे असे फोटो भरपूर सापडतील. पोरांचे वाढदिवस, शाळेची सहल, ताईचा साखरपुडा, मित्राचं प्री-वेडिंग. सगळ्यांत ती मागे उभी असते आणि सगळ्यांत काळी असते. एक बाई, कमरेवर घागर, मागे पांढरं फटक आभाळ. चेहरा नाही. गेली वीसेक वर्षं मी या गावात बातमीदारी करतोय. तिच्यासमोर झालेल्या कार्यक्रमांचे शेकडो फोटो पेपरला गेले. त्यात हार, शाली, मान्यवर सगळं दिसतं. ती मात्र कधीच दिसत नाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे बागेच्या सुशोभीकरणाचं काम मंजूर झालंय. त्यातली बहुतेक कामं हवीच आहेत. स्वच्छतागृह हवं, चालायचा ट्रॅक हवा, संध्याकाळी बायाबापड्यांना भीती वाटू नये म्हणून दिवे तर आधी हवेत. माझा आक्षेप दोन ओळींना आहे. अंदाजपत्रकात एके ठिकाणी लिहिलंय, 'जुन्या शिल्पास सोनेरी ऑइलपेंट देणे' आणि त्याखाली, 'घागरीतून पाइप काढून कारंजे करणे, एलईडीसह'.

कामाची फाइल बघायला मिळाली. आत सध्याच्या स्थितीचा म्हणून तिचा एकच फोटो लावलाय. भर दुपारी, फाटकातून, उभ्या उभ्या काढलेला. डाव्या कोपऱ्यात कुणाची तरी मोटरसायकल. मधे काळपट ढेकूळ. त्या फोटोवरून कुणीही म्हणेल, रंग द्या बुवा हिला, वाईट दिसतेय. म्हणजे गावातली पन्नासेक वर्षांची एक वस्तू एका वाईट फोटोवर निकालात निघाली.

आता ती फोटोत काळीच का येते, ते सांगतो. त्यात तिचा दोष नाही, दिशेचा आहे.

बागेचं फाटक उत्तरेला, म्हणून तिचं तोंड उत्तरेला. आपण फाटकातून आत येतो, म्हणजे दक्षिणेकडे बघतो. आपल्याकडे सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे तो तिच्या पाठीशी आणि आपल्या डोळ्यांत. कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो आणि बाईला काळं करून टाकतो. सहली, स्नेहसंमेलनं, लग्नं, सगळे फोटो याच महिन्यांतले. मग गॅलरीत दुसरं काय असणार?

पण मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत गंमत होते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो आपल्या उत्तरेला असतो. या दिवसांत तो उगवतो पूर्वेच्या बराच डावीकडे, म्हणजे ईशान्येकडे सरकून. सकाळी सव्वासहा ते साडेसात या वेळात त्याचा उजेड तिच्या चेहऱ्याला एका बाजूने, अगदी घासून जातो. संध्याकाळी तसाच वायव्येकडून येतो. वर्षातले हे दोन-अडीच महिने तिचे. त्यातला बराचसा भाग ढगांनी खाल्ला तरी जे उरतं ते पुष्कळ आहे.

घासून जाणारा उजेड महत्त्वाचा का, तर शिल्प म्हणजे उंचसखलपणा. समोरून उजेड मारला, फ्लॅश मारला, की सगळे चढउतार सपाट होतात. दुपारी डोक्यावरून आला की डोळ्यांच्या जागी दोन खड्डे आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. बाजूने आला तर प्रत्येक उंचवट्याला स्वतःची सावली मिळते आणि हात कुठे दाबला होता, कुठे थापी फिरली होती, ते दिसायला लागतं. तिच्या लुगड्याच्या निऱ्या मी लहानपणापासून बघतोय, पण त्या सात आहेत आणि सातही वेगळ्या पडल्यात, हे या मे महिन्यात कळलं. कानाखाली एक बट सुटलेली आहे. कपाळावर कुंकवाची गोल खाच आहे. डाव्या पायाचा अंगठा जमिनीत रुतवलेला आहे, जसा जड वस्तू उचलल्यावर रुततो तसा.

आता घागरीकडे या. ती तिच्या डाव्या कमरेवर, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला. सकाळी ती सावलीत असते, म्हणून संध्याकाळी गेलो. पावणेसातच्या उजेडात घागरीचं तोंड पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. मला आजवर वाटायचं की पाणी घेऊन निघालेली बाई आहे. कॅलेंडरवर असते तशी, मान जरा कललेली. तसं नाहीये. घागर तिने आतल्या बाजूला, स्वतःकडे वळवून धरलीय आणि तिची नजर सरळ घागरीच्या तोंडात आहे. ती आत बघतेय. घागर आतून खोल कोरलीय आणि पार तळापर्यंत रिकामी आहे.

यावरून मला जानेवारीतली एक गोष्ट पुन्हा बघाविशी वाटली. जानेवारीत तिचा चेहरा अंधारात, म्हणून मी पाठीमागून फोटो काढत होतो. थंडीत सकाळी सूर्य आग्नेयेला असतो, तेव्हा तिच्या पाठीला आणि चौथऱ्याच्या मागच्या बाजूला तोच घासून जाणारा उजेड मिळतो. माळीमामा नळी धरून उभे होते. म्हणाले, "दादा, मागं काय बगताय? तोंड तिकडं हाय तिचं." आणि त्याच वेळी चौथऱ्यावर, चुन्याच्या थरांखाली मला रेघा दिसल्या. उन्हं वर आली तशा त्या गायब झाल्या. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन गेलो. मामांना टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, आडवा धरायला लावला आणि कॅमेरा तिपाईवर ठेवला. नाव वाचता येत नाही, चुन्याने पार बुजलंय. पण त्याखाली ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने ओढलेलं साल स्वच्छ आहे : १९७२.

बाहत्तर. या गावात हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्या घरात सुकडी आणि मिलोच्या गोष्टी सांगणारं कुणी अजून आहे, त्यांना तर नाहीच. खडी फोडून, पाझर तलावाची माती वाहून लोकांनी ते वर्ष काढलं. त्या वर्षी कुणीतरी सिमेंटची एक बाई केली, जी रिकाम्या घागरीत बघतेय. करणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं याचा कागद माझ्याकडे नाही. पण घागर रिकामी आहे, नजर आत आहे आणि साल बाहत्तर आहे, या तीन गोष्टी फोटोत आहेत. आणि त्याच घागरीतून आता रंगीत दिव्यांचं कारंजं उडणार आहे.

काम करणारा पोरगा चांगला आहे, मी त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, "भाऊ, गोल्डन मारलं ना की चमकणार बघा. लोक सेल्फीला रांग लावतील." लावतीलही. पण चमकणं हीच अडचण आहे. चमकदार रंगावर उजेड पसरत नाही, ठिपक्यांनी उसळतो. गालावर एक पांढरा ठिपका, खांद्यावर एक, आणि मधला सगळा आकार हरवतो. ऑइलपेंटचे दोन हात बसले की खिळ्याने ओढलेली रेघ, सुटलेली बट, कुंकवाची खाच, सगळं भरून सपाट होईल. ओल आत अडकली तर दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतील. मग घासा आणि पुन्हा रंगवा. प्रत्येक घासण्यात ती थोडी थोडी जाईल.

कुणी म्हणेल, सिमेंटचीच तर आहे, संगमरवरी थोडीच आहे! सिमेंटला आपण उगाच हलकं समजतो. अलिबागजवळ सासवण्याला विनायक पांडुरंग करमरकरांचं शिल्पालय आहे. करमरकर (१८९१-१९६७) हे आपल्याकडचे फार मोठे शिल्पकार. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. त्यांच्या त्या घरात आणि आवारात त्यांची कामं मांडलेली आहेत. आवारात बसलेली म्हैस बघताना पाठीवरच्या उन्हाने तिचं कातडं सैल लोंबतंय असं वाटतं, आणि ढग आला की तीच म्हैस दगड होऊन बसते. मी एका लग्नाच्या निमित्ताने त्या भागात गेलो होतो. तासभर तिथे थांबलो आणि उजेड बदलला की शिल्प बदलतं, हे तिथे डोळ्यांनी बघितलं.

रंगाला माझा सरसकट विरोध नाही. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर सिद्धगिरी म्युझियममध्ये बारा बलुतेदारांचं अख्खं गाव सिमेंटमध्ये उभं केलंय, आणि ते रंगवलेलंच आहे. पण ती शिल्पं रंगवण्यासाठीच केलेली आहेत. न्हावी, कुंभार, नांगरणारा शेतकरी हे सगळे रंगासकट पूर्ण होतात. अशांचे फोटो ढगाळ दिवशी चांगले येतात, कारण मऊ उजेडात रंग खरे दिसतात आणि सावल्या मधे येत नाहीत. आपली घागरवाली बिनरंगाची केलेली आहे. तिचं काम सावलीवर चालतं. कुठल्या शिल्पाला काय हवं ते शिल्पाकडे बघून ठरतं, दरपत्रकाकडे बघून नाही.

नुसत्या फोटोने काय होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट सांगतो. फ्रेंच शिल्पकार रोदँ याने लेखक बाल्झाकचा पुतळा केला. ज्या लेखक-संस्थेने तो सांगितला होता, तिनेच १८९८ साली तो नाकारला. लोकांनी पोत्याची, दगडाच्या ढेकळाची उपमा देत टवाळी केली. पुतळा रोदँच्या घरी पडून राहिला. दहा वर्षांनी, १९०८ साली एडवर्ड स्टायकेन नावाचा तरुण फोटोग्राफर आला. पांढरं प्लास्टर दिवसाउजेडी डोळ्यांवर येतं, सपाट दिसतं, म्हणून पुतळा उघड्यावर आणला आणि स्टायकेनने चांदण्यात, खूप वेळ लेन्स उघडी ठेवून, रात्रभर फोटो काढले. त्यात तो झगा घातलेला माणूस टेकडीवर उभ्या असलेल्या राजासारखा दिसतो. ते फोटो जगभर पोचले. पुतळा ब्राँझमध्ये ओतून पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला १९३९ साली, रोदँ गेल्यानंतर बावीस वर्षांनी. फोटोमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. पण जे समितीला दिसलं नव्हतं ते लोकांना दिसावं म्हणून कुणीतरी योग्य उजेडाची वाट बघत रात्र काढली, हे खरं.

आता कायद्याचं, कारण बागेत कॅमेरा काढला की कुणी ना कुणी "परवानगी आहे का?" विचारतंच. सार्वजनिक ठिकाणी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढणं आणि छापणं हा कॉपीराइटचा भंग होत नाही, हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लिहिलेलं आहे. त्याच कायद्याचं कलम ५७ मात्र कलावंताच्या बाजूचं आहे. आपल्या कृतीची मोडतोड झाली, तिला विद्रूप केलं, तर तो दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांचं भलंमोठं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं. १९७९ साली दुरुस्तीच्या कामात सरकारने ते काढलं आणि ते गोदामात मोडून पडलं. सेहगल कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. तिथे निदान कलावंत हयात होता आणि नाव माहीत होतं. आपल्याकडे नावच चुन्याखाली आहे. म्हणून आधी नाव शोधायला हवं.

तर रविवारी सकाळी सव्वासहाला मी बागेत असेन. ज्यांना जमेल त्यांनी या. मोठा कॅमेरा नको, मोबाइल पुरे. फक्त एवढं करा :

फाटकात उभे राहू नका. दहा-बारा पावलं मागे राहून झूमने जवळ आणा. अगदी जवळ जाऊन साध्या लेन्सने काढलं की घागर डोक्याएवढी होते आणि डोकं लिंबाएवढं.

चौथरा चार फूट उंच आहे. खालून काढलं की नुसती हनुवटी येते. मामांची घडीची शिडी आहे, तिच्यावर चढून कॅमेरा तिच्या छातीच्या उंचीला धरा. एक फोटो मुद्दाम खालूनही काढा, कारण चौथऱ्यावरचं शिल्प लोक खालून बघणार हे करणाऱ्याला माहीत असतं.

तिच्या मागे पाण्याची टाकी आणि मोबाइल टॉवर आहे. दोन पावलं उजवीकडे सरकलात की बोगनवेल टॉवरला झाकते. काढण्याआधी चारही कोपरे बघा. डोक्यातून वायर निघालेली नको.

चेहऱ्यावर बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह वरखाली करून बघा. चेहरा अंधारात असेल तर जरा वर, उन्हात पांढरा पडत असेल तर जरा खाली. ज्या बाजूला सावली आहे तिथे कुणाला तरी पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरायला सांगा. तेवढ्या परतलेल्या उजेडात डोळे उघडतात.

फ्लॅश बंद. फिल्टर नको. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोडही नको, तो घागरीची कड खातो. आपल्याला सुंदर फोटोही हवेत, पण त्याआधी खरे हवेत. आठही दिशांनी एकेक काढा. एकात शेजारी टेप धरा म्हणजे माप कळेल. तारीख लिहून ठेवा. ढग आले तरी परत जाऊ नका. पाऊस पडून गेल्यावर ओलं सिमेंट गडद होतं आणि भेगा स्पष्ट दिसतात. डाव्या मनगटाजवळ एक भेग आहे, तिचा फोटो दुरुस्तीसाठी लागणारच आहे.

हे सगळे फोटो एकत्र करून मी सोमवारी मुख्याधिकारी साहेबांना अर्जासोबत देणार आहे. अर्जात तीन मागण्या आहेत. एक, रंग आणि पाइप या दोन ओळी तूर्त थांबवा, बाकी काम जोरात करा. दोन, एखाद्या जाणत्या शिल्पकाराला बोलावून आधी चुना अलगद काढून घ्या, भेग भरा आणि नाव वाचा. तीन, नाव सापडलं की एक साधी पाटी लावा. कारंजं हवं असेल तर बागेत जागा पुष्कळ आहे.

आणि एक विनंती जुन्या लोकांना. मामांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलंय की ही बाई एका ड्रॉइंगच्या मास्तरांनी केली, शाळा सुटल्यावर, उरलेल्या सिमेंटमध्ये. यापलीकडे मामांना माहीत नाही. बाहत्तरच्या आसपास इथे शाळेत ड्रॉइंग शिकवणारे मास्तर कुणाला आठवत असतील, कुणाच्या घरी वर्गाचा ग्रुप फोटो असेल, बाग सुरू झाली त्या दिवसाचा काळा-पांढरा फोटो कुणाच्या ट्रंकेत असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. अल्बममधून फोटो काढू नका, जागच्या जागी खिडकीच्या उजेडात मोबाइलवर टिपून पाठवा.

रविवार, सकाळी सव्वासहा. येताना घरातली एक जुनी पांढरी चादर आणा.